धर्मतल्ल्याची मेथडिस्ट मंडळी

कलकत्त्याच्या एस्प्लनेडवरून पूर्वेकडे निघणारा, एके काळी धर्मतल्ला स्ट्रीट म्हणून विख्यात असलेला आणि आता लेनिन सरणी या नावाने सरकारी दफ्तरात नोंदलेला रस्ता ज्याने पायी चालून पाहिला असेल, त्याच्या ध्यानात ही गोष्ट आल्यावाचून राहणार नाही की, या एकाच रस्त्याच्या कडेने भिन्न भिन्न धर्मपरंपरा एकमेकींस फारसा उपसर्ग न देता शंभर-दीडशे वर्षे नांदत आलेल्या आहेत. आरंभीच, कोपऱ्यावर, टिपू सुलतानाचा पुत्र शाहजादा गुलाम महंमद याने १८४२ साली बांधविलेली मशीद. तेथून पुढे रोमन कॅथलिकांचे सेक्रेड हार्ट चर्च. आणि त्याही पुढे, वेलिंग्टन स्क्वेअर व तालतल्ला या भागांच्या आसमंतात, थोबर्न मेथडिस्ट चर्च या नावाने ओळखली जाणारी आमची मंडळी. ह्या मंडळीचा इतिहास मराठीत लिहावयाचा, तो कोणासाठी, असा प्रश्न या स्मरणिकेच्या कामात सहजच निघाला होता. त्याचे उत्तर असे की, या मंडळीच्या उपासनेची भाषा जरी इंग्रजी असली, तिच्या शेजारी बंगाली व हिंदुस्थानी मंडळ्या जरी उभ्या राहिल्या, तरी तिचे बीज मुंबईहून आले आणि ते भायखळ्याच्या मातीत तयार झालेले होते. हे सांगावयास मराठी माणूसच हवा, कारण बंगाल्यात ही गोष्ट कोणाच्या लक्षात राहण्याचे कारण नाही.

वस्तुतः मुंबई आणि कलकत्ता यांच्यातील ही देवघेव त्याहून जुनी आहे, आणि पहिला हप्ता कलकत्त्याने दिलेला आहे. मिशनरी विल्यम केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवीत असत. वैजनाथ पंडितांच्या साह्याने त्यांनी सिद्ध केलेले मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मोडी लिपीत छापलेला मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये बाहेर पडला. मराठी नवा करारही प्रथम श्रीरामपूरच्या छापखान्यातच छापला गेला. पुढे १८१२ च्या पावसाळ्यात अमेरिकेहून काही तरुण मिशनरी दोन जहाजांनी कलकत्त्यास उतरले. कंपनी सरकारला हे पाहुणे नको होते आणि त्यांस हद्दपार करण्याचे हुकूम सुटले. त्यांपैकी अडोनिराम जडसन हे जहाजावर ग्रीक शास्त्र चाळता चाळता बालकांच्या बाप्तिस्म्याविषयी साशंक झालेले होते. त्यांनी ६ सप्टेंबर १८१२ रोजी लाल बाजारच्या चॅपेलात बुडवून बाप्तिस्मा घेतला आणि ते बाप्टिस्ट होऊन ब्रह्मदेशास गेले. त्यांचे सोबती गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे मात्र सरकारी पहारा चुकवून कलकत्त्याहून निसटले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोचले. त्यांच्याच हातून अमेरिकन मराठी मिशनची स्थापना झाली, ज्या मिशनच्या छायेत पुढे नारायण वामन टिळकांसारखा कवी ख्रिस्ती मंडळीस लाभला. जडसन यांना पडलेला बाप्तिस्म्याचा प्रश्न मेथडिस्टांनी कसा सोडविला, ते पुढे येईलच.

या अमेरिकन मराठी मिशनमध्ये १८४८ साली जॉर्ज बोएन नावाचे गृहस्थ दाखल झाले. मिशनकडून वेतन घेणे त्यांनी लवकरच सोडून दिले, देशी वस्तीत एका खोलीत बिऱ्हाड केले, आणि ‘बॉम्बे गार्डियन’ पत्राच्या संपादनावर व स्वल्प शिकवणीवर चाळीस वर्षे काढली. मुंबईतील हिंदू, पारशी, मुसलमान सारेच त्यांस साधू मानीत. १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर हे संजीवन सभा भरविणारे अमेरिकन उपदेशक मुंबईत आले, तेव्हा त्यांच्या पाठीशी प्रथम उभे राहिलेल्यांत हे बोएन होते, आणि पुढे ते स्वतःच मेथडिस्ट झाले.

टेलर ही व्यक्ती कोणाही चरित्रकारास मोहात पाडील अशी होती. जन्म व्हर्जिनियात, १८२१ सालचा. सोन्याच्या शोधात सारी दुनिया कॅलिफोर्नियास लोटली असता हे सॅन फ्रॅन्सिस्कोच्या चौकात दारूच्या पिंपावर उभे राहून उपदेश करीत. त्यावरून ‘कॅलिफोर्निया टेलर’ हे नाव त्यांना चिकटले ते कायमचे. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, वेस्ट इंडीज, सिलोन असा फेरफटका करून, लखनौकडे काम करीत असलेल्या जेम्स मिल्स थोबर्न यांच्या आमंत्रणावरून ते नोव्हेंबर १८७० मध्ये हिंदुस्थानात आले. हे वर्षही मोठे योगायोगाचे. त्याच वर्षाच्या मार्चात जबलपुरास दोन लोहमार्गांची सांधणी होऊन मुंबई-कलकत्ता आगगाडी सुरू झालेली होती. टेलर यांच्या पुढील सर्व उद्योगाचा नकाशा पाहिला तर तो रेल्वेच्या वेळापत्रकावरून काढला असावा असे वाटते. भायखळा, इगतपुरी, भुसावळ, लोणावळा, पुणे अशी जेथे जेथे रेल्वेच्या नोकरांची वस्ती, तेथे तेथे त्यांच्या मंडळ्या निघाल्या. इंजिनचालक, गार्ड, तारमास्तर, कचेऱ्यांतील कारकून, त्यांत युरेशियन पुष्कळ, अशा लोकांना उंच मनोऱ्याच्या सरकारी चर्चमध्ये मागल्या बाकावर जागा मिळे. टेलर यांनी त्यांना घराघरांतून एकत्र बसविले.

ह्या घरगुती जथ्यांना ‘फेलोशिप बँड’ म्हणत. मेथडिस्ट मताचा खरा मर्मबंध येथे आहे, व तो नीट समजल्याखेरीज धर्मतल्ल्याचा इतिहास केवळ विटा आणि तारखा यांचा इतिहास होईल, म्हणून येथे किंचित मागे जाऊन बोलणे अवश्य आहे. जॉन वेस्ली हे इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचे दीक्षित धर्मगुरू. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरील एका सभेत त्यांना आपल्या पापांची क्षमा झाल्याची अंतःकरणपूर्वक खात्री पटली, आणि तेथून त्यांचे घोड्यावरून गावोगाव फिरून उघड्यावर उपदेश करणे सुरू झाले. ब्रिस्टल येथे बांधलेल्या सभागृहावर कर्ज झाले होते. ते कसे फेडावे याचा विचार चालू असता, १७४२ मध्ये, एका सभासदाने अशी तोड काढली की प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी, आणि जो देऊ शकत नसेल त्याची भरपाई ती वर्गणी गोळा करणाऱ्याने करावी; त्यासाठी सर्व सभासदांचे बारा-बारांचे गट, म्हणजे ‘क्लास’, पाडण्यात आले. आता वसुलीसाठी दर आठवड्यास घरोघर जाणाऱ्या माणसास असे दिसू लागले की, अमका दारूत बुडाला आहे, तमक्याच्या घरी भांडण आहे, तिसरा आजारी असून कोणी विचारीत नाही. वेस्लींनी हे ऐकले मात्र, आणि त्यांच्या लक्षात आले की आपण कर्जाची व्यवस्था करावयास निघालो आणि हाती आत्म्यांची जोपासना आली. त्या वसुली-कामगाराचा ‘क्लास लीडर’ झाला, आणि पेनीबरोबर प्रत्येकाच्या आत्मिक अवस्थेची विचारपूसही होऊ लागली. तीन महिन्यांनी ज्याचे वर्तन समाधानकारक असेल त्यास तिकीट मिळे. तिकीट असेल त्यालाच प्रीतिभोजनास प्रवेश. एखाद्याचे नाव कमी करावयाचे तर तमाशा करावा लागत नसे, नवे तिकीट दिले नाही की झाले. जगातील फारच थोड्या धर्मसंस्थांचा कणा अशा खतावणीतून निर्माण झाला असेल.

याच क्लासांच्या धर्तीवर बसविलेल्या मुंबईच्या जथ्यांतील सभासदांनी स्वतंत्र मेथडिस्ट मंडळी स्थापण्याची लेखी विनंती केली आणि १८७२ च्या आरंभी टेलर यांनी ती मान्य केली. मात्र त्यांची एक अट होती आणि ती त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही: अमेरिकेतील मिशन बोर्डाकडून पगारासाठी एक छदामही घ्यावयाचा नाही; येथील मंडळीने येथील पाळकाचे पोट भरावयाचे. बोर्डास मुंबईत मंडळी काढणेच पसंत पडण्यासारखे नव्हते, कारण उत्तर हिंदुस्थानातील मेथडिस्ट मिशनने आपल्या कामाची हद्द अयोध्या व रोहिलखंड या मुलखापुरती आखून घेतली होती, आणि इतर मिशनांशी तसा समजही होता. टेलर यांनी ती हद्द विचारात घेतली नाही. अशा या बेकायदा बालकाला पुढे ‘बॉम्बे-बंगाल मिशन’ असे भारदस्त नाव मिळून ते कुटुंबात सामील झाले, आणि १८७६ मध्ये त्याची दक्षिण हिंदुस्थान कॉन्फरन्स झाली.

जानेवारी १८७३ मध्ये टेलर कलकत्त्यास आले. मुंबईत ज्या झपाट्याने लोक वळले तो झपाटा येथे दिसेना. राजधानीचे शहर, येथे बिशप, आर्चडीकन, लाटसाहेबांचा थाट, शिवाय बाप्टिस्ट, स्कॉच, लंडन मिशन या सर्वांची जुनी ठाणी. टेलर महिनोन्‌महिने घरे आणि बोळ पालथे घालीत राहिले आणि त्यांच्या हाती आलेली मूठभर माणसे झिगझॅग लेन नावाच्या गल्लीतील एका लहानशा उपासनागृहात जमू लागली. पुढील वर्षाच्या आरंभी थोबर्न येथे पाळक म्हणून आले तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेली मंडळी ही एवढीच. थोबर्न हे ओहायोचे, १८३६ चा जन्म, १८५९ पासून हिंदुस्थानात. नैनिताल व गढवालच्या डोंगरांतून काम केलेले, हिंदुस्थानी अस्खलित बोलणारे. त्यांची बहीण इझाबेला हिने लखनौस मुलींसाठी काढलेली शाळा पुढे हिंदुस्थानातील स्त्रियांच्या आद्य महाविद्यालयांपैकी एक ठरली. टेलर यांची आग आणि थोबर्न यांची धारणा, या दोहोंचा संगम कलकत्त्यात झाला असे म्हणावयास हरकत नाही. गल्लीतील जागा काही महिन्यांतच अपुरी पडली, नाटकगृह भाड्याने घेऊन सभा भरवाव्या लागल्या, आणि लवकरच धर्मतल्ल्यावर हजारावर माणसे बसतील असे मोठे उपासनागृह उभे राहिले. त्यासाठी लागलेल्या पैशाचा मोठा भाग याच शहरातून उभा राहिला.

या उपासनागृहात उपदेश काय होत असे? मेथडिस्ट मताला स्वतःचे वेगळे शास्त्र नाही, असे त्याचे टीकाकार म्हणतात आणि ते अर्धे खरे आहे. त्र्यैक्य, ख्रिस्ताचे देहधारण, मरण व पुनरुत्थान, पवित्र शास्त्राचे तारणाविषयीचे पर्याप्तत्व या बाबतींत मेथडिस्ट इतर प्रॉटेस्टंटांहून रतिभरही भिन्न नाहीत. इंग्लंडच्या चर्चची ३९ धर्मकलमे वेस्लींनी कापून २४ केली, अमेरिकेतील बंधूंनी राज्यशासनाविषयीचे एक कलम जोडले, आणि ती २५ आजही आमच्या नियमग्रंथात आहेत. जी कलमे गळली त्यांत पूर्वनियोजनाचे कलम होते, आणि हे गळणे अपघाती नव्हते. देवाने काहींना तारणासाठी आणि काहींना नाशासाठी आधीच नेमून ठेवले आहे, हे मत वेस्लींना असह्य वाटे. त्यांचे म्हणणे असे की, मनुष्य देवाचा शोध घेऊ लागण्यापूर्वीच देवाची कृपा त्याच्या ठायी कार्य करू लागलेली असते. तिला होकार देण्याची शक्तीही तीच देते. आणि होकार देणाऱ्याला देव नीतिमान ठरवितो. येथवर आल्यावर पवित्र आत्मा त्याच्या अंतःकरणात साक्ष देतो की तू देवाचे लेकरू आहेस. त्यानंतर पवित्रीकरण, म्हणजे प्रीतीत वाढत वाढत पूर्णतेस जाणे. ते याच देही शक्य आहे, असे वेस्लींनी आग्रहाने सांगितले आणि याच मुद्द्यावर त्यांची सर्वांत अधिक कुचेष्टा झाली. ज्या महाराष्ट्राने संतांच्या मुखातून देवाचे नाव सर्व वर्णांना खुले झाल्याचे ऐकले आहे, त्याला ‘कृपा सर्वांसाठी’ हा मेथडिस्ट पाठ परका वाटण्याचे कारण नाही. मात्र येथे साक्षात्कारानंतर हिशेब द्यावा लागतो, दर आठवड्याला, आणि तोही शेजाऱ्याला.

संस्कार दोनच: बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. विवाह, दीक्षा, दृढीकरण इत्यादी विधी आहेत, आदरणीय आहेत, परंतु ख्रिस्ताने स्वतः नेमून दिलेली दृश्य चिन्हे अशी दोनच, असे धर्मकलम सांगते. मेथडिस्ट मंडळीच्या स्वतंत्र अस्तित्वाचा जन्मच मुळी संस्कारांच्या अडचणीतून झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या चर्चचे बहुतेक धर्मगुरू मायदेशी परतले किंवा त्यांची वाताहत झाली. वेस्लींचे उपदेशक दीक्षित नसल्यामुळे त्यांना संस्कार देण्याचा अधिकार नव्हता. हजारो कुटुंबांत मुले बाप्तिस्म्यावाचून वाढत होती आणि वर्षानुवर्षे कोणाला प्रभुभोजन मिळत नव्हते. लंडनचे बिशप ऐकेनात, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या वेस्लींनी १७८४ मध्ये स्वतःच हात ठेवून माणसे दीक्षित केली आणि थॉमस कोक यांस अमेरिकेत धाडले. त्या वर्षीच्या नाताळात बाल्टिमोर येथे मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची स्थापना झाली. हेच कोक पुढे सत्तरीच्या उंबरठ्यावर हिंदुस्थानाकडे येण्यास निघाले आणि मे १८१४ मध्ये हिंदी महासागरात जहाजावरच वारले.

बाप्तिस्म्याविषयी मेथडिस्टांची भूमिका, जडसन यांनी लाल बाजारात घेतलेल्या निर्णयाच्या नेमकी विरुद्ध बाजूची आहे, पण ती भांडखोर नाही. पाणी शिंपडावे, ओतावे की बुडवावे, याचा निर्णय बाप्तिस्मा घेणाऱ्याने अथवा त्याच्या आईबापांनी करावा, तिन्ही ग्राह्य. बालकांचा बाप्तिस्मा राखला पाहिजे, असे कलम स्पष्ट सांगते. कारण कृपा मनुष्याच्या समजुतीच्या आधी येते हा जर सिद्धान्त असेल, तर समजूत येण्यापूर्वी तिचे चिन्ह देण्यात विसंगती कोणती? जे एकदा झाले ते पुन्हा करावयाचे नाही. प्रत्यक्ष विधी अगदी साधा असतो. आईबाप लेकराला घेऊन पुढे येतात. त्यांना विचारले जाते की या मुलाला देवाच्या भयात व शिक्षणात वाढवाल काय, आणि त्याला कळू लागताच या संस्काराचा अर्थ सांगाल काय. मग पाळकसाहेब लेकरू हातात घेतात, त्याचे नाव उच्चारून त्र्यैक्याच्या नावाने मस्तकावर तीन वेळा पाणी घालतात. त्या क्षणी ते रडले नाही तरच आयाबायांना आश्चर्य वाटते. नोंदवहीत नाव, जन्मतारीख, आईबापांची नावे, विधी करणाऱ्याची सही असा तक्ता भरला जातो, आणि पारपत्रापासून विवाहापर्यंत सर्वत्र लागणारा दाखला पुढे त्याच्यावरूनच निघतो.

प्रभुभोजन सामान्यतः महिन्याच्या पहिल्या रविवारी होते. त्याविषयी इतर मंडळ्यांतून आलेल्या माणसास प्रथम जाणवते ती गोष्ट अशी की, मेज कोणापुढेही बंद केलेले नसते. ज्याला आपल्या पापांचा खरा पश्चात्ताप आहे, जो शेजाऱ्याशी प्रीतीने वागतो आणि नवे आयुष्य जगण्याचा संकल्प करतो, त्याने विश्वासाने जवळ यावे, एवढेच आमंत्रण. वेस्ली तर याहूनही पुढे गेले होते: हे भोजन पवित्र झालेल्यांचे पारितोषिक नसून, अजून ज्याचा पालट व्हावयाचा आहे त्याचाही पालट घडविणारे साधन आहे, असे ते मानीत. भाकर ही भाकरच राहते आणि द्राक्षरस द्राक्षरसच. ख्रिस्ताचे शरीर घेतले जाते ते विश्वासाने आणि आत्मिक रीतीने. लोक ओळीओळीने उठतात, वेदीसमोरच्या लाकडी कठड्यापाशी गुडघे टेकतात, उजव्या हाताचा तळवा डाव्यावर ठेवून भाकरीचा तुकडा घेतात, मग चिमुकल्या पेल्यातला रस. पाळकसाहेब एकेका ओळीस दोन शब्द सांगून उठवितात आणि दुसरी ओळ येते. हा रस आंबवलेला नसावा असा मेथडिस्टांचा कटाक्ष. अमेरिकेत एका मेथडिस्ट मंडळीतले दंतवैद्य टॉमस वेल्च यांनी १८६९ मध्ये द्राक्षरस तापवून न आंबता टिकविण्याची युक्ती काढली ती याच कारणासाठी. आपल्याकडे पुष्कळ मंडळ्यांत काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून तो घरीच केला जातो. खलाशांनी गजबजलेल्या, गुत्त्यांनी भरलेल्या तत्कालीन कलकत्त्यात हा कटाक्ष निव्वळ सोवळेपणा नव्हता. बंदरावर उतरलेला जहाजी पहिल्याच रात्री वर्षाची कमाई घालवी, आणि थोबर्न यांनी या खलाशांमध्ये काम सुरू केले तेव्हा कठड्यापाशी गुडघे टेकणाऱ्यांत असे कित्येक होते, ज्यांना मद्याचा वासही पुन्हा खड्ड्यात नेऊ शकला असता.

धर्मतल्ल्याच्या मंडळीचे क्षेत्र थोड्याच वर्षांत शहराबाहेर पसरले. १८७७ मध्ये मुलांची शाळा निघाली, तीच आजची कलकत्ता बॉइज स्कूल. चौरंगीवरील व्हाइटअवे-लेडलॉ या प्रचंड दुकानाचे मालक रॉबर्ट लेडलॉ यांनी तिला सढळ हाताने साह्य केले. १८७९ मध्ये थोबर्न रंगूनला गेले आणि तेथे मंडळी झाली. १८८५ च्या फेब्रुवारीत ते सिंगापुरास उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर विल्यम ओल्डहॅम होते. ओल्डहॅम यांचा जन्म बंगळूरचा. सरकारी मोजणी खात्यात नोकरीस असता १८७३ मध्ये पुण्यास मेथडिस्टांच्या एका सभेत त्यांचा पालट झालेला. पुण्यातला मोजणीदार कलकत्त्यामार्गे सिंगापुरास जातो आणि तेथे शाळा काढतो, जिचा पसारा आज त्या देशातील नामांकित संस्थांत मोडतो. टेलर यांच्या रेल्वेवरच्या उपदेशाचा एवढा लांब परिणाम त्यांनी स्वतःही कल्पिला नसेल. १८८८ मध्ये थोबर्न हिंदुस्थान व मलेशियाचे मिशनरी बिशप निवडले गेले.

या कालखंडातील एका घटनेचा उल्लेख टाळता येत नाही. डेव्हिड ली आणि त्यांची पत्नी एडा हे मेथडिस्ट मिशनरी दांपत्य कलकत्त्यात काम करीत होते व त्यांची मुले दार्जिलिंगास राहत होती. सप्टेंबर १८९९ च्या भयंकर पावसात दार्जिलिंगचा डोंगर खचला आणि लींची सहा मुले गेली. आईबाप देश सोडून गेले नाहीत. त्यांनी आपले काम बंगाली मुलींच्या शिक्षणाकडे वळविले, आणि वेलिंग्टन स्क्वेअरवर ली मेमोरियल मिशन उभे राहिले. धर्मतल्ल्याच्या मंडळीपासून ते हाकेच्या अंतरावर आहे.

आता एका उणिवेविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. टेलर यांचे स्वावलंबनाचे तत्त्व जितके उदात्त तितकेच ते, जो पैसा देऊ शकतो त्याच्याकडे मंडळीचे तोंड वळविणारे होते. इंग्रजी बोलणारा पगारदार सभासद पाळकाचा खर्च उचलू शके. तालतल्ल्याच्या झोपडीतला बंगाली किंवा बिहारातून आलेला मोलकरी तो उचलू शकत नसे. परिणामी बंगाल्याच्या हृदयस्थानी उभी असलेली ही मंडळी दीर्घकाळ इंग्रजीच राहिली. थोबर्न यांना हे उमगले होते, आणि बंगाली व हिंदुस्थानी काम बोर्डाच्या पैशाने वाढवावे लागले ते त्यामुळेच. मुंबई इलाख्यातही हेच झाले. मराठीत खरे काम उभे राहिले ते टेलर निघून गेल्यावर. मिनी एब्रम्स या मेथडिस्ट बाई १८८७ मध्ये मुंबईस आल्या, मराठी शिकल्या, आणि १८९८ पासून पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात राबल्या. रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या १८७८ मध्ये कलकत्त्यानेच दिल्या होत्या, हेही येथे नमूद करावयास हरकत नसावी.

अधिकाराच्या जागी देशी माणूस यावयास मात्र १९३० साल उजाडावे लागले. त्या वर्षाच्या अखेरीस भरलेल्या सेंट्रल कॉन्फरन्समध्ये मेथडिस्ट मंडळीचे पहिले हिंदी बिशप निवडले गेले, ते जशवंतराव चितंबर. अलाहाबादेस जन्मलेले, परंतु मूळ महाराष्ट्रीय कुळातले. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत दोन मोठे प्रश्न उभे राहिले. १९४७ नंतर अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथे जाऊ लागली आणि धर्मतल्ल्यासारख्या मंडळ्यांच्या बाकांवरील जुनी आडनावे एकेक करून मावळली; त्यांच्या जागी मद्रासी, ओरिसातील, छोटा नागपुरातील, ईशान्येकडील कुटुंबे येत गेली. दुसरा प्रश्न ऐक्याचा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाली, तीत ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट सामील झाले. कलकत्त्याच्या सडर स्ट्रीटवरील वेस्लियन चर्च त्यांतलेच. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी वाटाघाटींत वर्षानुवर्षे भाग घेऊन ऐन वेळी, त्याच वर्षाच्या ऑगस्टात, नकार दिला. तो नकार योग्य होता की नाही, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे; प्रस्तुत लेखकास तो हळहळ वाटण्याजोगा वाटतो, इतकेच. ७ जानेवारी १९८१ रोजी मद्रासेस ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ ही स्वायत्त मंडळी अस्तित्वात आली, तिचे मुख्य कार्यालय मुंबई सेंट्रलला आहे, आणि धर्मतल्ला तिच्या अधिकाराखाली आला. त्यामुळे आज वेस्लींचे दोन वंश या एका शहरात पायी जाण्याच्या अंतरावर, दोन निराळ्या बिशपांच्या हाताखाली उपासना करतात.

राहता राहिले सभासदत्व. बाप्तिस्मा झालेले मूल मंडळीचे असतेच, परंतु त्याचे नाव तयारीच्या यादीत असते. ते जाणते झाले की पाळकसाहेबांच्या शिकवणीवर्गास बसते. तेथे प्रेषितांचा मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, दोन संस्कारांचा अर्थ आणि मंडळीचे नियम शिकविले जातात. मग मंडळीसमोर उभे राहून बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी केलेले वचन त्याने स्वतःच्या तोंडाने करावयाचे, ख्रिस्त हा माझा तारणारा व प्रभू आहे असे पत्करावयाचे, आणि प्रार्थना, उपस्थिती, दान व सेवा यांनी मंडळीस आधार देण्याचे कबूल करावयाचे. पूर्वी बाहेरून येणाऱ्यास सहा महिन्यांची उमेदवारी असे. त्या मुदतीत क्लास लीडरने त्याच्याविषयी बरा अभिप्राय दिला तरच नाव पक्क्या यादीवर चढे. १७४३ साली वेस्लींनी घातलेले तीन साधारण नियम, म्हणजे अपाय करू नये, शक्य तितके सर्वांचे भले करावे, आणि उपासना, शास्त्रपठण, उपास, प्रभुभोजन या साधनांचा नित्य उपयोग करावा, हे आजही नियमग्रंथात आहेत. क्लास मात्र राहिले नाहीत. जगभर मेथडिस्टांत त्यांची जी गत झाली तीच येथे झाली. इमारत मोठी झाली, वर्गणी घरोघर जाऊन मागण्याऐवजी लिफाफ्यातून येऊ लागली, आणि क्लास लीडर हा अधिकारी नियमग्रंथाच्या पानांत उरला. पैशाच्या हिशेबाने यात तोटा झाला नाही. पण शंभर माणसांत कोण तीन रविवार आला नाही, हे खजिनदाराच्या वहीवरून कळत नाही.

बदलीच्या नोकरीत असलेल्या मराठी कुटुंबांस एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. पुण्याहून, नागपुराहून अथवा मुंबईहून कलकत्त्यास येताना आपल्या मंडळीच्या पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचा बदलीदाखला अवश्य आणावा. तो येथे रुजू केला की नाव येथील नामावलीत चढते, आणि येथून पत्र गेले की मूळ मंडळीतील नाव कमी होते. दोन ठिकाणी नाव ठेवण्याची मुभा नाही. दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीचा दाखलाही स्वीकारला जातो, त्यासाठी पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. दाखला न आणता नुसते येऊन बसणाऱ्यास कोणी हटकत नाही, प्रभुभोजनही नाकारीत नाही. मात्र पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीच्या, निवडणुकीत त्यास मत नसते, आणि वर्षाअखेरीस जाणाऱ्या अहवालात तो मोजला जात नाही.